तलावाची ओटी

"सर, पानी मेलंय."

सिदूमामांनी पोहण्याच्या तलावाच्या खोल बाजूला डोकं वर काढलं, हातातला ब्रश काठावर ठेवला आणि मला हे सांगितलं. सकाळचे सहा वाजायचे होते. मी काठावर उकिडवा बसून काचेच्या नळीत दुसऱ्यांदा तलावाचं पाणी भरत होतो. तळाच्या फरशा मोजून घ्याव्यात इतकं नितळ पाणी, आणि हे म्हणतात मेलंय!

"पाणी कधी मरतं का, मामा?"

"मरतंय की. खालच्या कोपऱ्याला हात लावून बगा. बुळबुळीत लागतंय. आन् माजा कान ठनकाय लागलाय, आठ दिस झालं."

"कानात तेल घाला."

"आमची गौराक्का घालती की रोज. लसनाचं."

मी नळीत बाटलीतले थेंब टाकले, अंगठ्याने तोंड दाबून नळी हलवली. पाणी हळदीसारखं पिवळं झालं. मी नळी त्यांच्यासमोर धरली.

"हे बघा. भरली ओटी. आता बोला."

मामांनी नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तुमची ओटी म्हनती तर असंल," म्हणाले आणि पुन्हा बुडी मारून खाली गेले.

पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे बघायच्या तपासणीला आमच्याकडे सगळेच ओ.टी. म्हणतात. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. सिदूमामांनी त्या ओ.टी.ची ओटी केली. पिवळं आलं की ओटी भरली, नाही आलं की रिकामी. हळदीचाच रंग, त्यामुळे ते सगळ्यांना पटलंही. सकाळच्या तुकडीत पोहायला येणाऱ्या बायका मला फाटकातच विचारायच्या, "काय सर, झाली का तलावाची ओटी भरून?" मी लाजायचो, पण आतून खूश व्हायचो.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. गाव तालुक्याचं, सांगलीच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं. पालिकेने तिथे तलाव बांधला, त्याची एक समिती केली आणि चौगुलेवकिलांना अध्यक्ष केलं. रसायनं कळणारा माणूस हवा म्हणून वकिलांनी मला मानद सल्लागार नेमलं. मला पोहता येत नव्हतं. पायाची बोटंसुद्धा मी कधी त्या पाण्यात बुडवली नव्हती. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी, फक्त माझा उंट तलावाच्या काठावर उभा होता.

सिदूमामा, म्हणजे सिद्राम भोई, हे तलावाचे राखणदार. साठीला टेकलेले, अंगाने काटक, पण बरीच वर्षं साखरेचं दुखणं. जन्म नदीकाठच्या गावातला. जमिनीवर चालताना जरा फेंगडे वाटायचे आणि पाण्यात उतरले की बघत राहावं. रोज पहाटे बुडी मारून हाताने तळ घासायचे. यंत्राने घासलेलं त्यांना पटायचं नाही. "हात लावल्याबिगर कळत न्हाई," म्हणायचे.

मी यायच्या आधी ते तलावात ब्लीचिंग पावडर वापरायचे. संध्याकाळी प्लास्टिकच्या पिंपात कालवून ठेवायची, रात्रभरात चुना खाली बसू द्यायचा आणि सकाळी वरची निवळी बादलीने काठाकाठाने ओतायची. काम दगदगीचं होतं. पावडरीने हाताची सालं निघायची, नाक चुरचुरायचं, आणि एवढं करून दुपारी बारा वाजता ओटी रिकामी, कारण आमच्याकडचं ऊन क्लोरीन खाऊन टाकायचं. मग दुपारी पुन्हा तेच.

मी आल्यावर गोळ्या आणल्या. पांढऱ्या, वडीएवढ्या जाड गोळ्या. त्यात क्लोरीनला उन्हापासून सांभाळणारं एक द्रव्य असतं. गोळ्या तरंगत्या डब्यात टाकायच्या आणि घरी जायचं. संध्याकाळपर्यंत पिवळं येतंच येतं. समितीने माझा सत्कार केला, शाल आणि नारळ दिला. सिदूमामांनी एक गोळी हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं होतं आणि म्हणाले होते, "ही गोळी लई गोड बोलती, सर." मला तेव्हा हसू आलं होतं.

फाटकावर काळी पाटी लावायची कल्पनाही माझीच. 'आजचे पाणी', पुढे शेरा, खाली तारीख आणि माझी सही. दोन वर्षं मी त्या पाटीवर रोज 'उत्तम' लिहीत होतो. मामांना वाचता येत नव्हतं, पण त्या एका शब्दाचा आकार त्यांच्या ओळखीचा झाला होता. पहाटेच्या पहिल्या नळीनंतर लिहिलेली ती पाटी पाहिल्याशिवाय तेही पाण्यात उतरत नसत.

तर त्या सकाळी मामा पाणी मेलंय म्हणाले, मी हसलो आणि उन्हाळी वर्गावर शाळेत गेलो. माझ्यासमोर बत्तीस मुलं होती. त्यातली सात कानात कापूस घालून बसली होती. सातही जण तलावावर येणारे.

दुपारी मी तलावाच्या पंपघरात गेलो. तिथल्या माझ्या टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली मी गोळ्यांच्या पिंपातून निघालेला माहितीचा कागद घडी घालून सारला होता. दोन वर्षांत पिंपं किती आली, प्रत्येकात तो कागद होता आणि एकही मी शेवटपर्यंत वाचला नव्हता. आता टेबल उचलून तो ओढून काढला. बारीक इंग्रजी अक्षरात, अगदी तळाला लिहिलं होतं, की क्लोरीनला सांभाळणारं ते द्रव्य पाण्यातून उडून जात नाही, साठत जातं. एका मर्यादेपलीकडे गेलं की ते क्लोरीनला धरूनच ठेवतं. तपासणीत क्लोरीन दिसतो, पण जंतू मारायला मोकळा नसतो. आणि यावर कुठलंही औषध नाही. पाणी सोडायचं आणि नवं भरायचं, एवढाच उपाय.

तोंडचं पाणी पळणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी त्याच कागदाच्या पाठीवर गणित मांडलं. त्या द्रव्याचं प्रमाण कागद शंभरावर थांबवा म्हणत होता, माझं उत्तर तीनशेच्या घरात आलं. त्या दोन वर्षांत पाऊस नव्हता म्हणून आम्ही तलावाचं पाणी बदललंच नव्हतं. उडून जाईल तेवढंच वर घालत होतो. गाळणी धुवायचंसुद्धा पाणी वाचवलं होतं आणि त्याबद्दल एकमेकांची पाठ थोपटली होती.

मी तसाच चौगुलेवकिलांकडे गेलो. ते जेवून झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे.

"किती पाणी सोडावं लागेल म्हणता?"

"खरं तर सगळंच. साडेचार लाख लिटर."

"सर, गावाला नळ कधी येतो?"

"नवव्या दिवशी."

"माझ्या दारावरून बायका डोक्यावर दोन-दोन घागरी घेऊन जातात. त्यांच्या डोळ्यांदेखत साडेचार लाख लिटर गटारात सोडायचं? तुम्ही नुसती चावी फिरवाल. दगड माझ्या घरावर पडतील."

बोलणं खरं होतं.

"मग पुन्हा ब्लीचिंग पावडर टाकून बघू, जास्तीची?" मी म्हणालो. म्हणतानाच मला ठाऊक होतं की तालुक्यातली सगळी पावडर विहिरींना आणि टँकरना चालली होती. दुकानात चिमूटभर नव्हती. आणि तलावभर गोळ्यांच्या पाण्याला ती पुरणार तरी किती?

"मग निदान तलाव बंद ठेवू."

"ठेवू की. पण ऐन मे महिन्यात तीनशे मुलं घरी पाठवायची तर कारण सांगावं लागेल. पाटीवर तुम्हीच लिहिताय ना, उत्तम म्हणून? आज सकाळीही लिहिलंत."

"सकाळी मला माहीत नव्हतं."

"उद्या माहीत असेल. उद्या 'खराब' लिहा. मी आडवा येत नाही." वकिलांनी पायाने झोपाळ्याला हलका झोका दिला. "फक्त कोणाच्या गोळ्यांनी खराब झालं तेही खाली लिहा. लोक विचारणारच. शाल समितीनेच दिली होती, म्हणजे आमचंही तोंड काळं होईल. होऊ दे. तुम्ही लिहा."

आयुष्यभर कोर्टात साक्षीदार तपासलेला माणूस. त्यांनी माझं पाणी केव्हाच जोखलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाटीपुढे खडू घेऊन उभा राहिलो. फाटकाबाहेर बायकांची तुकडी येऊन थांबली होती. कोणीतरी नेहमीचं विचारलं, "काय सर, भरली का ओटी?" आणि बाकीच्या हसल्या. मी नळी आधीच बघितली होती. पिवळी झाली होती, लख्ख पिवळी.

त्यानंतरचे दिवस मी धड जेवलो नाही. कोल्हापूरच्या माझ्या जुन्या प्राध्यापकांना फोन केला, त्यांनीही तेच सांगितलं, पाणी बदला. पालिकेत गेलो, तिथल्या पाणीखात्याच्या माणसाने मला दारातूनच हात जोडले. पुन्हा वकिलांकडे गेलो, ते परगावी गेले होते. सगळ्या गावात मला एकच गोष्ट हवी होती, आणि सगळं गाव त्याच गोष्टीसाठी हंडे घेऊन बसलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी सिदूमामा ब्रश घेऊन काठावर आले. डाव्या कानात कापूस होता आणि कानामागची जागा लाल झाली होती.

"मामा, आज खाली जाऊ नका."

"का वो?"

"कान दुखतोय ना तुमचा."

"कान काय, त्यो दुखतोयच. कोपरा लईच बुळबुळीत झालाय. काल एक पोर घसरलं. घासाय नगं?"

"दोन दिवस राहू द्या."

मामांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. "सर, पान्यात काय इगडलंय का?"

मी नळीतलं पाणी ओतून दिलं आणि ती विसळायला घेतली.

"न्हाई म्हंजे, मला आपलं वाटतंय मेलंय म्हनून," ते म्हणाले. "पर पाटीवर तर उत्तम लिवलंय न्हवं तुमी? आत्ता बगून आलो. काल बी हुतं, परवा बी हुतं."

आता बोलायचं, असं माझ्या मनात आलं. अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात फाटक उघडलं आणि मुलांची तुकडी ओरडत आत धावली. मामांनी कापूस काढून काठावर ठेवला, नाक धरलं आणि ते खाली गेले. खाली बराच वेळ त्यांचा ब्रश हलताना दिसत होता. पाणी इतकं नितळ होतं.

पाचव्या दिवशी मामा आले नाहीत. गौराक्का, त्यांची बायको, फाटकात उभी होती. "ताप भरलाय त्यास्नी. कानातनं पू येतोय," म्हणाली. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी ताप उतरला आणि पुन्हा चढला. आठवड्याने गौराक्का शाळेतच आली, अनवाणी. "सर, त्यांचं तोंड वाकडं झालंया. डोळा मिटना."

मी आणि ती त्यांना जीपमधून मिरजेला घेऊन गेलो. तिथल्या कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले आणि आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, की साखर असलेल्या माणसाच्या कानात हा जंतू शिरला तर तो थेट हाडात उतरतो. तिथून चेहऱ्याची शीर जाते. जीव वाचेल असं वाटतंय, पण दीड-दोन महिने इंजेक्शनं लागतील. कानाची खात्री नाही.

"पोहतात का हे?" त्यांनी विचारलं.

"पवत्यात काय, पान्यातच ऱ्हात्यात," गौराक्का म्हणाली. "तलावावरच असत्यात."

"तिथलं पाणी कोणी तपासतं का?"

"तपासत्यात की. ह्ये आमचं सरच तपासत्यात. रोज." गौराक्काने हे अभिमानाने सांगितलं आणि माझ्याकडे बोट केलं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. मी विचारलं, "कुठल्या दिवशी उतरला असेल हा हाडात?" ते म्हणाले, "ते कसं सांगणार? महिना झाला असेल, दहा दिवस झाले असतील." त्या वाक्याला मी पुढे किती वर्षं धरून बसलो होतो! महिना झाला असेल तर मी निर्दोष होतो. पण दहाच दिवस झाले असतील तर?

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी गौराक्काला एवढंच सांगितलं, की तलावाचं पाणी बदलायला हवं, पण दुष्काळात पाणी ओतून देता येत नाही म्हणून वकील अडले आहेत.

"ओतायचं कशापायी?" ती म्हणाली. "बाया न्हेत्याल की. धुन्याला, भांड्याला, म्हसरं धुवाय. प्यायाचं न्हाई म्हनून दवंडी द्या म्हंजे झालं."

मी बी.एस्सी., वकील एल.एल.बी., पालिकेत पाणीखात्याचा साहेब. आणि आम्हा तिघांच्या डोक्यात तलाव रिकामा करायचा म्हणजे गटाराशिवाय दुसरं काही आलं नव्हतं.

वकिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पाच मिनिटांत होकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तलावाच्या काठावर नारळ फोडला. फाटकाबाहेर वेशीपर्यंत रांग लागली. हंडे, घागरी, कळश्या, तेलाचे डबे, बैलगाडीवर पिंपं. तीन दिवसांत तलावाचा तळ दिसला. दगड सोडाच, वकिलांच्या नावाचा जयजयकार झाला, पेपरात फोटो आला. इतकं सोपं होतं. त्या पहिल्या दिवशीच गौराक्काला विचारलं असतं तर! पण तिला विचारायचं म्हणजे आधी तिला सांगायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी कोरड्या तळाच्या त्या कोपऱ्यात मी शिडीने उतरलो. हाताला हिरवा, बुळबुळीत थर लागला. मामांनी सांगितलं होतं अगदी तसा.

पुढच्या वर्षी तलाव पुन्हा भरला. ब्लीचिंग पावडर परत आली, पिंप आलं, नाक चुरचुरायला लागलं. मामाही परत आले. डावा कान पूर्ण गेला होता, डावा गाल लोंबत होता, हसले की अर्धंच तोंड हसायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं की यापुढे डोकं पाण्याखाली घालायचं नाही, कधीच. ते गळ्यापर्यंत पाण्यात उतरायचे आणि मान ताठ धरून उभे राहायचे. भोयाच्या पोटी जन्मलेला माणूस असा उभा बघवत नव्हता.

एके दिवशी ते मला म्हणाले, "सर, कोपऱ्याला हात कोन लावनार आता? तुमी शिका."

मी त्यांच्याकडून पोहायला शिकलो, बत्तिसाव्या वर्षी. माझ्याच विद्यार्थ्यांनी काठावर बसून माझी फजिती बघितली. चार महिने लागले. मग एका सकाळी, तुकड्या यायच्या आधी, मी नाक धरून खोल बाजूला बुडी मारली, कान दाबत होते तरी खाली गेलो आणि कोपऱ्याच्या फरशीवर तळवा टेकवला. फरशी खरबरीत होती, स्वच्छ होती.

मी वर आलो तो मामांच्या डाव्या अंगाला. मुद्दाम नाही आलो, असं मी स्वतःला आजवर सांगत आलो आहे. ते काठावर पाय सोडून बसले होते, नजर पाण्यावर होती. माझा श्वास लागला होता. काठाला धरून मी म्हणालो,

"मामा, ते चार दिवस मला माहीत होतं. पाणी मेलेलं होतं. तुम्ही म्हणत होता ते खरं होतं. आणि मी पाटीवर खोटं लिहिलं."

मामा पाण्याकडेच बघत होते. मग माझे ओठ हललेले त्यांना दिसले असावेत. त्यांनी मान वळवली.

"काय म्हनलासा? हिकडनं बोला, ह्या कानाला न्हाई येत."

मी काठ धरत धरत त्यांच्या उजव्या अंगाला गेलो. चार-पाच हातांचं अंतर होतं. तेवढं पार करायला मला बराच वेळ लागला.

"कोपरा साफ आहे म्हटलं," मी म्हणालो. "बुळबुळीत लागत नाही."

मामांचं अर्धं तोंड हसलं.

"मग लिवा की पाटीवर," ते म्हणाले. "उत्तम."